सुसाटची चौथी खेप

तिसऱ्यांदा नापास झाल्यावर माणसं रडतात, अंथरूण धरतात, नाहीतर परीक्षेच्या नावाने बोटं मोडतात. आमची सुसाट दुसऱ्याच दिवशी कामावर हजर. वॉर्डातल्या चादरी नेहमीपेक्षाही भराभर बदलत होती. रागाने बदलत होती हे खरं, पण एकीलाही सुरकुती नव्हती. तिच्या चालीवरून वॉर्डानेच तिला हे नाव ठेवलं होतं आणि आता घरचेही तिला त्याच नावाने हाक मारत.

नर्सिंगचा सगळा अभ्यासक्रम तिने पुरा केला होता, आणि तोही वरच्या नंबरात. पण परवान्याची परीक्षा पास होईपर्यंत नर्स म्हणून उभं राहता येत नाही, म्हणून इस्पितळाने तिला मदतनीस म्हणून घेतलं. पेशंटला अंघोळ घालायची, भांडं द्यायचं, ताप मोजायचा, कुशीवर वळवायचं. सुई, औषध, सलाईन, कशालाही हात लावायचा नाही. काही वेगळं दिसलं की सिस्टरना सांगायचं आणि बाजूला व्हायचं. चार महिन्यांचा तर प्रश्न आहे, असं तेव्हा सगळेच म्हणाले होते. त्याला आता चार वर्षं झाली.

बरं, अभ्यासात कमी पडत होती म्हणावं, तर तेही नाही. हाडांची नावं, औषधांचे डोस, सगळं तोंडपाठ. झोपेतून उठवून विचारा. पण परीक्षेला बसली की पहिले पाढे पंचावन्न. निकाल यायचा तो नुसता ‘अनुत्तीर्ण’. कुठे चुकलं, का चुकलं, चकार शब्द नाही. मग ही बाई आणखी एक जाड पुस्तक आणायची आणि पुन्हा हाडांपासून सुरुवात करायची.

चौथी खेप शेवटची होती. त्यातही गेली, तर नियम असा की अख्खा अभ्यासक्रम पहिल्यापासून पुन्हा करायचा. घर, नोकरी सांभाळून ते जमणं शक्यच नव्हतं. म्हणजे जन्मभर चादरी. त्या कामात कमीपणा आहे असं तिला कधीच वाटलं नाही, कुणी तसं बोललं तर ती भांडायची. पण तिला नर्स व्हायचं होतं. लहानपणापासून दुसरं काही व्हायचंच नव्हतं.

आता सासूबाईंची ओळख करून द्यायला हवी. या बाईंनी उभा जन्म शहरातली बस चालवली. निवृत्त झाल्या तरी आवाज ड्रायव्हरचाच. खिडकीतून हाक मारली तर रस्त्यावरचे चार अनोळखी लोक थांबायचे. मुलगा लिफ्ट दुरुस्त करणारा, बोलणं बेताचं, म्हणून घरातली दोघांच्या वाटची बडबड त्याच करत.

एका सुट्टीच्या दुपारी सुसाट गणवेशाला इस्त्री करत होती. सासूबाईंना नुसतं बसवेना. त्यांनी चष्मा लावला, सरावाचं पुस्तक ओढलं आणि म्हणाल्या, “चल, मी विचारते, तू सांग. मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण वाचता येतं.”

“पेशंटला एकदम धाप लागली. नर्स म्हणून तुम्ही आधी काय कराल?” त्यांनी चारही पर्याय वाचले.

“डॉक्टरांना कळवेन.”

सासूबाईंनी मागचं पान उलटलं. “चूक. खाटेची डोक्याकडची बाजू वर करायची. पुढचा. ऑपरेशनच्या जागेतून रक्त वाहतंय.”

“सिस्टरना बोलावेन.”

“चूक. स्वच्छ कापड ठेवून दाबून धरायचं. पेशंटला चक्कर आली, तो पडायच्या बेतात आहे.”

“मदतीला हाक मारेन.”

सासूबाईंनी पुस्तक मिटलं. “मला एक सांग. गाडीसमोर कुत्रं आडवं आलं, तर मी काय करायचं?”

“ब्रेक मारायचा.”

“आधी डेपोत फोन नाही करायचा? साहेब, कुत्रं आलंय, ब्रेक मारू का, असं विचारायला नको?”

सुसाट हसली. हसता हसता थांबली. इस्त्री हातात वरच राहिली म्हणून बरं, नाहीतर गणवेशाला भोक पडलं असतं.

“अगं, दर वेळी तू कुणालातरी बोलावतेस,” सासूबाई म्हणाल्या. “ते विचारतायत ती नर्स तूच ना? मग येणार कोण?”

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! चार वर्षं इस्पितळाने तिला हेच शिकवलं होतं की बघ, सांग आणि बाजूला हो. ती ते इतकं चोख शिकली, की परीक्षेच्या खुर्चीतही मदतनीसच बसायची. जितकी नापास व्हायची, तितकी जास्त मदतनीस व्हायची आणि तितकीच पुन्हा नापास. तिने सरावाच्या जुन्या वह्या काढल्या, चुकलेले प्रश्न एकामागून एक पाहिले. सगळीकडे तेच, ‘कळवेन’, ‘बोलावेन’, ‘सांगेन’. तिला इतका आनंद झाला, की तिने सासूबाईंना चष्म्यासकट मिठी मारली. एवढी मोठी चूक सापडल्यावर एवढं खूश झालेलं माणूस मी तरी दुसरं पाहिलं नाही.

मग त्या घरात जो धुमाकूळ सुरू झाला, तो विचारू नका. सुसाट न्हाणीघरातून बाहेर पडली की दारात सासूबाई: “रक्त.” ही म्हणायची, “दाबून धरेन.” भाजी चिरताना, जिना चढताना, केव्हाही. उत्तर द्यायचं ते हातांचं, दुसऱ्याला हाक मारण्याचं नाही. पेशंट म्हणून अर्थातच नवरा. दमून आलेला तो गरीब माणूस सोफ्यावर पडला रे पडला, की सासूबाई ओरडायच्या, “धाप लागली,” आणि सुसाट त्याला काखेत धरून ताठ बसवायची.

“मला खरंच झोप येतेय,” तो म्हणायचा.

“पेशंटने बोलायचं नाही,” त्याची आई म्हणायची.

परीक्षेच्या सकाळी मात्र सुसाटच्या तोंडचं पाणी पळालं. ती संगणकासमोर बसली. पहिल्याच प्रश्नाला तिचा हात सवयीने ‘वरिष्ठांना कळवा’कडे गेला. तिने तो मागे घेतला. ब्रेक मार बाई, असं स्वतःला म्हणाली आणि मग सुसाट सुटली. अधेमधे एक असाही प्रश्न आला, जिथे नर्सने करायचं ते सगळं करून झालं होतं आणि आता खरोखरच डॉक्टरांना फोन लावायचा होता. तिथे ती घाबरत घाबरत तेच उत्तर देऊन पुढे गेली.

निकालाच्या दिवशी तिची पाळी दुपारची होती. निकाल घरी संगणकावर बघायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं. वॉर्डात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. खिशातला फोन थरथरला. तिने हात खिशात घातला आणि तेवढ्यात खिडकीजवळच्या म्हाताऱ्या शिक्षकांचा श्वास घरघरताना तिने ऐकला.

ते उशीवरून घसरून आडवे झाले होते, ओठ काळसर पडलेले. तिने आधी खाटेची डोक्याकडची बाजू उंच केली. त्यांना टेकवून बसवलं, बोटाला यंत्र लावलं, घंटा दाबली आणि त्यांचा हात हातात धरून म्हणाली, “सर, माझ्याकडे बघा. सावकाश.” फोन पुन्हा थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला.

मोठ्या सिस्टर धावत आल्या. वॉर्डात त्यांचा दरारा असा, की डॉक्टरसुद्धा जपून बोलायचे. एरवी सुसाट बाजूला झाली असती. ती हलली नाही. काय दिसलं, काय केलं, ऑक्सिजनचा आकडा किती, हे तिने सलग सांगितलं.

सिस्टरनी तिच्याकडे एकदा नीट पाहिलं. “आता पुढे?”

चार वर्षांत त्यांनी तिला पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

“आधी सलाईन बंद करा, सिस्टर. फार जोरात चाललंय, छातीत पाणी होतंय. मग ऑक्सिजन. मग डॉक्टर.”

सिस्टरनी सलाईन बंद केलं. मग ऑक्सिजन लावला. मग डॉक्टरांना फोन केला.

सरांच्या ओठांवर रंग परत येईपर्यंत सुसाट तिथेच उभी होती. मग कपडे ठेवायच्या खोलीत जाऊन तिने घरी फोन लावला.

“किती वेळ वाजवतेय मी,” सासूबाईंचा आवाज फोनबाहेर फुटत होता. “पास झालीस तू. कळलं का? पास. उचलत का नव्हतीस?”

“आई, पेशंट होता.”

पलीकडचा ड्रायव्हरचा आवाज एकदम खाली आला. त्या बाईंना इतकं हळू बोलताना घरात कुणी कधी ऐकलं नव्हतं.

“बरं केलंस,” त्या म्हणाल्या. “कसा आहे आता?”