आंब्याखालचा पाचोळा

बोरगाव मेघेच्या जयवंताबाईंचा सगळा जीव परसातल्या बागेत. फाल्गुनात लेक मंजुषा, जावई मुकेश आणि चिमुरडी नात गुंजन त्यांच्याकडे आली. सासूशी फारसं न बोलणाऱ्या मुकेशला वाटलं, आपणही काही कामाला यावं. त्याने आंब्याखालचा पाचोळा ओढून पेटवला.

धूर वर चढला आणि शेंड्यावरचं आग्यामोहोळ उठलं. गुंजन तिथेच मातीत खेळत होती.

"मंजे, घरात पळ, दार लाव!" जयवंताबाई ओरडल्या. मुकेश जागीच थिजला. बाईंनी वांग्याच्या रोपांवरचं ओलं गोणपाट ओढलं, नातीला त्यात गुंडाळलं आणि तिच्यावर पालथ्या पडल्या. मानेवर, पाठीवर माश्या डसत राहिल्या.

"हालू नको, माय, हालू नको," एवढंच त्या म्हणत होत्या.

शेवटी मुकेश भानावर आला. दोरीवर वाळत घातलेली चादर अंगावर घेऊन धावला आणि दोघींना त्याने घरात ओढून आणलं.

गुंजनला एकही डंख नव्हता. दवाखान्यात जयवंताबाईंचे डोळे सुजून मिटले होते. शेजारी कुणीतरी हुंदके देत होतं.

"कोण हाय?"

"मी, आई. माह्यामुळेच झालं."

"पोरगी बरी हाय ना? मंग काऊन रडून राह्यले, जावईबापू? मोहोळ हाय, हे मीच सांगाले पाह्यजे होतं."

त्या घरी येईपर्यंत बागेला पाणी मुकेशनेच दिलं.