आठ कोटींचा तक्ता

कॉव्हेंट्रीतल्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पद्माकर दिघ्यांनी सव्वीस वर्षं डीएनए वाचला. सुरुवातीला दिव्याच्या पेटीवर फिल्म ठेवून एकेक पट्टी बोटाने मोजावी लागे. दिवसात तीनशे अक्षरं झाली तर शेजारचे चहा पाजत. तेव्हापासून, न मोजता आकडा सांगणारा माणूस त्यांच्या लेखी फुकटा.

२००८ साली असा एक फुकटा त्यांचा विभागप्रमुख झाला. लंडनजवळच्या पिनरचा राजीव. शेजारच्या विद्यापीठाने मोठं यंत्र घेतल्यापासून त्याला तेच हवं होतं. एका फेरीत आठ कोटी रीड, म्हणजे डीएनएचे वाचलेले आठ कोटी तुकडे. दुसरं, लहान यंत्र चारच लाख तुकडे देई, पण प्रत्येक तुकडा सातपट लांब. पद्माकरांनी दोन्हींच्या तुलनेचा तक्ता करून खाली सही करायची होती. मोठं यंत्र आलं की ते त्यांच्या ताब्यात, निवृत्तीपर्यंतची चार वर्षं पक्की. नाही तर ते चालवत असलेल्या जुन्या यंत्राबरोबर त्यांचंही पद मोडीत निघणार होतं.

पद्माकरांनी कंपनीकडे आपल्याच जिवाणूंचे नमुने पाठवून चाचणीची फाइल मागवली. यंत्राच्या आठ खोबणींपैकी एक तपासणीच्या ठरलेल्या नमुन्याला जाते, ती त्यांनी वजा केली. धूसर वाचलेलं वजा केलं. जिवाणूशी न जुळणारंही. उरले दोन कोटी नव्वद लाख. त्यांनी तेच लिहिलं.

"काका, ब्रोशरमध्ये एटी मिलियन आहे," राजीव म्हणाला.

"ब्रोशरमध्ये एक हसरी बाईपण आहे. ती येणार आहे का मशीनबरोबर?"

"अहो, कपॅसिटी म्हणजे कपॅसिटी. आपण किती वापरतो हा डिफरंट इश्यू आहे."

"महिन्याला आपले नमुने सहा. दोघांच्या स्वयंपाकाला लग्नाचं पातेलं कशाला?"

"गुरुवारी पर्चेस कमिटी आहे," राजीव म्हणाला. "तुमचं तुम्ही ठरवा."

पद्माकरांनी आपल्या आकड्याखाली सही केली. गुरुवारी कमिटीसमोर दुसराच तक्ता आला. त्यात आठ कोटी होते आणि खाली सही डेटा बघणाऱ्या सुचेताची. मोठं यंत्र मंजूर झालं. महिन्याभरात पद्माकरांना मुदतीआधी निवृत्ती मिळाली, आणि एकोणीस जणांच्या सह्यांचं कार्ड. त्यातले निम्मे त्यांना नावाने ओळखत नव्हते.

वर्षभराने पेन्शनच्या कागदांसाठी ते परत गेले. सुचेताने विभागाचा वार्षिक अहवाल त्यांच्यापुढे सरकवला.

"बघा काका. शेवटच्या रनमध्ये सात कोटी नव्वद लाख. राजीव जाम खूश आहे."

"नमुने किती होते?"

"दोन."

"आणि बाकीच्या सहा खोबणी?"

सुचेता प्रिंटरकडे बघू लागली. "कंट्रोल भरला. रिकाम्या ठेवल्या की आकडा पडतो. आणि कंट्रोल क्लीन वाचला जातो."

तो कंट्रोल, म्हणजे तपासणीचा ठरलेला नमुना, हा एका विषाणूचा डीएनए. त्याची साडेपाच हजार अक्षरं तीस वर्षांपूर्वीच जगाला पाठ झाली होती. राजीवच्या यंत्राने ती सहा कोटी तुकड्यांत पुन्हा वाचून काढली होती.

"या आकड्यांचा तक्ता कोण करतं?"

"मीच."

"सहीपण तुझीच?"

तिने मान डोलावली.

"मग तुझी चार वर्षं पक्की," पद्माकर म्हणाले आणि अहवाल तिच्या टेबलावर पालथा ठेवून पेन्शनच्या खिडकीकडे गेले.