«माहीत नाही»चा रकाना

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडील आळेफाट्याला गॅरेजात काम करतात आणि जयंतीला विहाराबाहेर सतरंजी टाकून पत्रकं आणि पुस्तिका विकायला बसतात. न खपलेली घरी परत येत. मी वाचायला शिकले ते त्यांच्यावर. पत्रकाची भाषा सरळ असते. उठा, विचारा, नाकारा, मागा. «सांगता येत नाही» हे वाक्य मी आजवर एकाही पत्रकात वाचलेलं नाही. हे आधी सांगते, कारण माझ्या हातून जी चूक झाली ती तिथूनच आली.

एम.ए. झाल्यावर पुण्यातल्या एका संशोधन संस्थेचं काम मला घरबसल्या मिळालं. राज्यातल्या कॉलेजांत आंतरराष्ट्रीय संबंध शिकवणाऱ्यांना फोन करायचा, परराष्ट्र धोरणावरचे प्रश्न मराठीत वाचून दाखवायचे, उत्तर फॉर्मवर नोंदवायचं. शेजारी देशाने कुरापत काढली तर व्यापार थांबवावा का? निर्वासितांना आसरा द्यावा का? देशात भाव वाढले की निर्यात बंद करणं योग्य आहे का? उत्तराचे रकाने तीन : हो, नाही, माहीत नाही. बाई अभ्यासक आणि पुरुष अभ्यासक यांची मतं कुठे फारकत घेतात, हे पाहायचं होतं. काम नीट झालं तर पुढची मोठी पाहणीही मलाच द्यायची, असं तिथल्या सरांनी सांगितलं होतं.

घरात रेंज येत नाही, म्हणून मी गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून फोन करायची. खाली शेजारच्या काकूंची कांदा साठवायची चाळ. त्या कांदा निवडता निवडता सगळं ऐकायच्या.

"काय गं, ठरलं का युद्ध?"

"नाही काकू, अजून चार प्राध्यापक बाकी आहेत."

"लवकर इचार बाई. आमी तवर कांदा ठिवतो."

फोन संपले आणि मी आकडे मांडले. «माहीत नाही»च्या रकान्यात बायकाच बायका. पुरुष जवळपास प्रत्येक प्रश्नाला हो नाहीतर नाही म्हणाले होते. मला राग आला, आणि तो बायकांवर आला. एवढ्या शिकल्या, वर्गात उभ्या राहून जगाचं राजकारण शिकवतात, आणि साधं हो की नाही म्हणायची हिंमत नाही! सर मात्र खूश झाले. "हीच बातमी आहे," ते म्हणाले. "महिला अभ्यासकांना परराष्ट्र धोरणावर ठाम मत नाही. शुक्रवारी मसुदा पाठवतो."

बुधवारी दुपारी काकू हात पुसत आईकडे आल्या. त्यांच्या भाचीला बेल्ह्याकडचं स्थळ आलं होतं. आई पूर्वी त्याच गावात अंगणवाडी सेविका होती, तिथली घरं तिला आतून माहीत.

"तुमी तिकडं व्हता ना बाई. घर कसं हाय वो?"

आईने चहाचं आधण ठेवलं. साखर टाकली. मग म्हणाली, "आता काय सांगता येत न्हाई बघा."

काकू चहा होईपर्यंत टेकल्या. चहा प्याल्या, कप स्वतः विसळून ठेवला आणि उठल्या. "बरं झालं बाई, तुमाला इचारलं. कळवते बहिणीला, नको म्हणून."

त्या गेल्यावर मी आईला म्हटलं, "तू तर काहीच बोलली नाहीस."

"बोलले की."

"सांगता येत नाही म्हणालीस."

"मंग? तिला कळलं. तुला कळलं न्हाई, त्याला मी काय करू? कॉलेजात गेलीस का नुसती गाडीत बसून आलीस?"

मी तशीच गच्चीवर गेले. प्रत्येक फोनच्या सुरुवातीला परवानगी घेऊन बोलणं रेकॉर्ड केलं होतं. आजवर एकही परत ऐकला नव्हता. पहिला लावला तो कोल्हापूरकडच्या एका प्राध्यापिकेचा. निर्यातबंदीचा प्रश्न. त्या म्हणतात, "सांगता येत नाही…" आणि श्वास घेतात. तेवढ्यात माझा आवाज : "बरं, पुढचा प्रश्न."

दुसऱ्या बाई. "असं एकदम सांगता येत नाही…" मी : "बरं, पुढचा प्रश्न."

आणि मी «माहीत नाही»वर खूण केली होती. «सांगता येत नाही» आणि «माहीत नाही» यांत केवढं अंतर आहे हे माझी आई चुलीपाशी उभी राहून जाणते. मी ते एका खुणेत मिटवून टाकलं होतं.

तोवर ही भाषेची चूक वाटत होती, सुधारता येण्यासारखी. मग मी पुरुषांचे फोन ऐकले. नगरकडचे एक सर, तोच प्रश्न. "हं… तसं सांगता येत नाही." आणि माझा आवाज, अगदी आदराने : "तरी पण सर, साधारण तुमचा कल?" सर खाकरतात. "बंदी घालू नये." खूण : नाही.

मी एकामागून एक ऐकत गेले. सरांना «तरी पण सर». मॅडमना «बरं, पुढचा प्रश्न». क्वचित कुठे उलटं. समतेच्या पुस्तिकांवर अक्षरं गिरवलेली मी, पुरुष थांबला की तो विचार करतोय असं धरत होते आणि बाई थांबली की तिचं संपलं असं धरत होते.

संस्थेच्या सरांना फोन लावला.

"सर, मसुदा थांबवा. तो फरक बायकांचा नाही, माझा आहे." मी त्यांना दोन तुकडे ऐकवले.

त्यांनी ते पुन्हा एकदा लावायला सांगितले. मग म्हणाले, "अहो, प्रत्येक पाहणीत थोडंफार असं होतं. शेवटी एक टीप टाकू, बारीक अक्षरात."

"टीप चालणार नाही. निष्कर्षच खोटा आहे. सगळ्यांना परत फोन करते. बायकांनाही, पुरुषांनाही, आणि सगळ्यांना एकच वाक्य."

"याचा अर्थ कळतोय ना तुम्हाला? वरचे लोक विचारतील की मुलाखती कोणी घेतल्या. पुढच्या कामाचं मग मला सांगता येत नाही."

हे मात्र मला एका दमात कळलं. "चालेल सर," मी म्हटलं. "किती दिवस देता?"

त्यांनी दहा दिवस दिले. वाक्य मी कागदावर लिहून टाकीला चिकटवलं : «ते कशावर अवलंबून आहे, सांगाल का?» कोणीही थांबलं की एवढंच वाचायचं, आणि मग गप्प बसायचं. मला गप्प बसणं सगळ्यात जड गेलं.

कोल्हापूरकडच्या मॅडम म्हणाल्या, "अहो, मागच्या वेळी मी सांगतच होते, तुम्हीच पुढं पळालात." मग त्या सुटल्या. कुठला शेजारी आपल्या कांद्यावर विसंबून आहे, एका सकाळी अचानक बंदी आली की तो पुढच्या वर्षी दुसरा विकणारा शोधतो, आणि कांद्याबरोबर आपला शब्दही कसा सडतो. शेवटी म्हणाल्या, "आगाऊ सूचना देऊन असेल तर हो. नसेल तर नाही. हे तुमच्या कुठल्या रकान्यात बसतं?"

कुठल्याच नाही. मी चौथा रकाना आखला : अटीवर.

नगरकडच्या सरांना तेच वाक्य वाचलं. ते हसले. "खरं सांगू? मागच्या वेळी तुम्ही फारच आग्रह केलात म्हणून काहीतरी बोललो."

आकडे पुन्हा मांडले. «माहीत नाही»मधली दरी बुजली. पण सगळं सारखं झालं असंही नाही. बळाचा वापर करावा का, या प्रश्नावर बायका आणि पुरुष खरोखरच वेगळे पडले. तो फरक मी तसाच ठेवला. खोटी दरी खोडली म्हणून खरी झाकायची नसते.

पहिल्या फेरीबद्दलची टीप कुठे टाकायची यावरून सरांशी पुन्हा वाजलं. मी पहिल्या पानासाठी हटून बसले. दोन वाक्यं लिहून पाठवली : «पहिल्या फेरीत मुलाखत घेणाऱ्या व्यक्तीने पुरुषांना उत्तर पुरं करायला अधिक संधी दिली. ती व्यक्ती मी आहे.» त्यांनी पहिलं वाक्य ठेवलं, दुसरं खोडलं. संशोधनाच्या अहवालात «मी» येत नसतं, म्हणाले. मी ते परत घातलं, त्यांनी परत खोडलं. तिसऱ्यांदा मी घातलं तेव्हा त्यांनी विचारलं, "कशाला स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय?" मी म्हटलं, "सर, त्या मॅडम मतं नसलेल्या म्हणून छापल्या जाणार होत्या. त्यांच्या पायावर पडला असता तो."

पुढच्या पाहणीचा फोन आलेला नाही. अहवाल आला आहे, आणि पहिल्या पानावर दोन्ही वाक्यं आहेत.