बॅटरीसाठी कसब्यापर्यंत

गावच्या शाळेचे हेडमास्तर फोनवर म्हणाले, "काका, अंकासाठी प्रवासाचं काहीतरी लिहून पाठवा." त्याच शाळेत मी चौथीपर्यंत शिकलो, त्यामुळे नाही म्हणता आलं नाही. कोणी काशीला जातं, कोणी दुबईला. मी परवा पुण्यातल्या पुण्यात, बिबवेवाडीहून कसबा पेठेत जाऊन आलो. अंतर म्हणाल तर आपल्या गावापासून बाजाराच्या गावाएवढं. पण अर्धा दिवस लागला.

निघायलाच उशीर झाला. मोटरसायकल फाटकापाशी उभी होती. सेल्फ (बटण दाबून गाडी सुरू करायची सोय) दाबलं की नुसतं कट्-कट् वाजायचं आणि दिवा मिणमिणायचा. दोन महिने हेच चाललं होतं. किक मारावी तर उजवा गुडघा साथ देत नाही. हे इथे मी कोणाला सांगितलेलं नाही. तुम्ही लांब आहात म्हणून लिहितो.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. या दोन महिन्यांत सुमन, म्हणजे माझी बायको, माझ्या मागे बसायची बंद झाली होती. मंडईला रिक्षा, भजनाला रिक्षा. गाडी दोनदा सिग्नलला बंद पडली, मागच्यांनी हॉर्न वाजवून जीव नकोसा केला, तेव्हापासून. मी समजलो, हिचा माझ्यावरचा भरवसा उडाला. लग्न करून आणली तेव्हा सायकलच्या कॅरिअरवर बसली होती. तेव्हापासून माझ्या मागची जागा तिची. ती जागा रिकामी घेऊन फिरणं मला काही जमत नव्हतं.

ती फाटकाशी आली. चाळीस वर्षं पुण्यात काढली, पण बोली तिने गावचीच ठेवली आहे.

"कोठी चालले जी?"

"बॅटरीचं बघायला."

"मग बॅटरी काढून रिक्षात न्या ना."

"गाडी रिक्षात बसून जात नसते."

तेराव्या किकला गाडी सुरू झाली. मी मागे न बघता निघालो, कारण तोंडावर गुडघा दिसत असणार.

आता तुम्ही म्हणाल, बिबवेवाडीत बॅटरीवाले नाहीत काय? पावलोपावली आहेत. पण आमच्या कोपऱ्यावरचा म्हणाला, "अंकल, या वयात बाईक कशाला? विकून टाका ना." त्याच्याकडून मी हवासुद्धा भरून घेणार नाही. कसब्यात दौलतराव नावाचे जुने बॅटरीवाले आहेत. त्यांच्याकडेच जायचं ठरवलं.

स्वारगेटच्या सिग्नलला गाडी बंद पडली. बटण दाबलं, काही नाही. किक एकदा मारली, डोळ्यांपुढे काजवे चमकले. गाडी कडेला ढकलली. शेजारी एक रिक्षावाला येऊन थांबला.

"आजोबा, गाडी चालवताय की फिरायला आणलीय तिला?"

"दोन्ही. तुमची काही हरकत?"

"माझी कसली? रस्ता महानगरपालिकेचा आहे." मग माझ्या गाडीकडे बघून, "कुठे जायचंय?"

"कसब्यात."

"बसा. हँडल सरळ धरा, आणि मला शिकवू नका."

इथे एक रीत आहे, तिला पाय लावणं म्हणतात. बंद गाडीच्या फुटरेस्टवर मागचा गाडीवाला आपला पाय टेकवतो आणि स्वतःची गाडी चालवत तिला ढकलत नेतो. आख्खा बाजीराव रस्ता मी असा गेलो. इंजिनाचा आवाज नाही, पेट्रोल नाही. पुस्तकांची दुकानं, वह्यांचे गठ्ठे उतरवणारे हमाल, सगळं शांतपणे मागे सरकत होतं. इतकी वर्षं त्या रस्त्याने गेलो, पण वरच्या मजल्यांच्या लाकडी कठड्यांवर तुळशी आहेत हे त्या दिवशी दिसलं.

शनिवार पेठेत अमृततुल्य (चहाच्या दुकानाला इथे असं म्हणतात) दिसल्यावर तो थांबला. "पाय लावल्याचं भाडं नसतं. चहा चालेल." आम्ही चहा आणि क्रीमरोल घेतला. त्याने विचारलं, "मुलगा नाही का गाडी बघायला?" मी म्हणालो, "आहे. गाडी माझी आहे." तो हसला आणि रिक्षाकडे गेला.

पुढे कसब्यात गाडी हातानेच ढकलली. गल्ल्या अरुंद, त्यात तांबट आळीतून (तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची वस्ती) ठोकण्याचा आवाज येत होता. त्या तालावर पाय उचलत गेलं की गुडघा कमी दुखतो, हे मी स्वतः करून पाहिलं.

दौलतरावांच्या दुकानावर पाटी आहे: "आधी तपासू. मग बोलू. तुम्ही बोलू नका." मी बोललोच. "कंपनीनेच बॅटरी कच्ची दिली. आता सगळ्यात मोठी द्या."

"मोठी घेऊन मांडीवर ठेवणार का? डब्यात बसेल तेवढीच मिळेल." त्यांनी मीटर लावलं. "उभ्या गाडीला बारा व्होल्ट दाखवतंय. आता बटण दाबा." दाबलं. "आठ. गेली ही." मग वाकून बघितलं आणि चष्मा वर केला. "अहो, ही बॅटरी आहे की देव्हारा?"

तारांच्या टोकांवर नेहमीची पांढरी-हिरवी बुरशी होतीच. तिच्यावर हळद-कुंकवाचा ओलसर थर साचला होता. एक झेंडूची पाकळीही निघाली.

मला आठवलं. गाडी नवी होती तेव्हा सुमनला मीच बॅटरीचा डबा उघडून दाखवला होता. "गाडीचा जीव यात असतो," असं सांगितलं होतं.

खरं लिहितो, आधी मला बरं वाटलं. म्हटलं, चूक माझी नाही, सुमनची आहे. पण दौलतरावांनी लगेच विचारलं, "पाणी कोणतं घालता?"

"नळाचं, वर्षातून एकदा. पुण्याचं पाणी, एकदम गोड."

"तुम्हाला गोड. हिला बाटलीतलं बॅटरीचं पाणी लागतं. कुंकू वरचं आहे, पुसता येतं. तुमचं पाणी तिच्या पोटात गेलंय. गाडी नेता कुठे?"

"दुधाला. कोपऱ्यापर्यंत."

"एकदा बटण दाबलं की जेवढं खर्च होतं, तेवढं कोपऱ्यापर्यंत भरत नाही. आठवड्यातून एकदा तरी लांब न्या."

त्यांनी आधी काळी तार सोडवली, मग लाल. गरम पाण्यात खायचा सोडा घालून दोन्ही टोकं घासली. बंद तोंडाची नवी बॅटरी बसवली. तिला पाणी घालायचं नसतं, आणि जुनीपेक्षा जोरही जास्त. टोकांना व्हॅसलिन लावलं. बटण दाबताच गाडी सुरू झाली. रेस वाढवून त्यांनी पुन्हा मीटर लावलं. चौदा. "चार्जिंग ठीक आहे. वहिनींना म्हणावं, पूजा हेडलाईटची करा."

शिवाजी रस्त्याने परत आलो. सुमन पूजेचं ताट घेऊन फाटकाशीच उभी.

"झाली का जी नीट?"

"झाली. जुनी मीच मारली. नळाचं पाणी घालत होतो."

मला ताप आलाय की काय, असं तिने माझ्याकडे बघितलं. मग बोटावर कुंकू घेऊन ती डब्याकडे वाकली. मी डब्यावर हात ठेवला.

"इथे नको. नवीला उघडायचं नसतं. दिव्याला लाव."

"म्हंजे माह्या कुंकवानं..."

"पाण्याने," मी म्हणालो. "बस मागे. लांब न्यायला सांगितलंय."

"किक मारा लागते का?"

"नाही. बटण."

"मग येते."

"किकचा काय संबंध?"

"किक मारता तवा तुमचं तोंड कसं होते, मले दिसत नाही का? मी मागं असली का तुम्ही इज्जतीपायी वीस-वीस मारता. म्हणून रिक्षानं जात होती. अन् कुंकूबी त्याच्यासाठीच लावत होती, लवकर चालू व्हावी म्हणून."

ताट ठेवून ती मागे बसली. बटण दाबलं. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. तिचा हात जुन्या जागी, माझ्या डाव्या खांद्यावर आला.

कात्रजच्या तळ्यापर्यंत गेलो आणि परत आलो. येताना घराचं वळण दिसलं, तरी मी सरळ पुढे गेलो.

"अहो, घर मागं राहिलं."

"राहू दे. बॅटरी अजून भरायची आहे."