बाबांच्या कानांची तपासणी

बाबांचे कान गेले ते खाणीवर, डिचोलीच्या बाजूला, दगडाला भोकं पाडायच्या यंत्रावर. मागून येणाऱ्या ट्रकाचा भोंगा ऐकू येईना, तेव्हा मुकादमाने त्यांना घरी बसवलं. मग आई सर्वण गावात लोकांच्या शेतात जाऊ लागली आणि आमच्या चुलीवर दोन्ही वेळ पेजच शिजू लागली. तरी माझं कॉलेज कुणी बंद केलं नाही. घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट मी, हे आजही मान वर करून सांगते.

पंचायतीच्या बाजारात अपंगांसाठी एक गाळा राखीव होता. त्याला दाखला हवा. गावाच्या लेखी बाबा ठार बहिरे. पण कायदा चाळीस टक्क्यांच्या खाली कुणाला अपंग मानत नाही, आणि टक्के ठरायचे इस्पितळात.

बाबा धुतलेला सदरा घालून काचेच्या खोलीत बसले. कानांवर यंत्र. काचेपलीकडे एक तरुण बाई बटण दाबायची. आवाज आला की बाबांनी बोट वर करायचं. बोट सारखं वर जात होतं.

"चाळीसच्या बरंच खाली," डॉक्टर म्हणाले. "दाखला नाही मिळणार."

बाहेर बाकावर आई बाबांच्या कानाशी ओरडली, "इतक्या आयकाक येतां, तर घरात माका घसो कित्याक फोडूक लायतात?"

बाबा शांतपणे म्हणाले, "आयकाक खंय येतां? तां चेडू बटाण दाबी होता. दर खेपेक गप रवलंय तर तेका काय वाटात?"

समोरच्याला नाही म्हणून दुखवायचं नाही, ही आमच्या माणसांची रीत. मी तशीच आत गेले.

"डॉक्टर, त्यांनी आवाज ऐकून नाही, बाईंचा हात बघून बोट वर केलं. परत तपासा."

"शिकलेली दिसतेस."

"बी.ए. आहे," मी म्हटलं.

या वेळी खुर्ची भिंतीकडे फिरवली. बाई बटण दाबत गेली, आवाज वाढवत गेली. बाबा भिंत बघत राहिले. बोट वर गेलं ते पार शेवटी. त्या बाईलाच हसू आलं.

"बरंच फसवलंत हां मला, काका."

बाबांनी, काहीही ऐकू न येता, मान डोलावली. आईने पदराने डोळे पुसले आणि तीही हसायला लागली.

डॉक्टरांनी साठ टक्के लिहिले. दाखला मिळाला, त्यावर गाळा मिळाला. बाबा तिथे नारळ आणि केळी विकू लागले, आणि आईचं दुसऱ्याच्या शेतात जाणं थांबलं.