यूनुसभाईंच्या नावाचं प्रोफाइल

मधुराला, म्हणजे माझ्या बायकोला, माझं सगळं ठाऊक आहे. दहावीत गणिताच्या पेपरात केलेली कॉपी, तिच्या आईला मी मनातल्या मनात काय म्हणतो ते, अगदी फोनचा पासवर्डसुद्धा. हे तेवढं ठाऊक नाही. कुणालाच नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा परवा एक फोन आला, म्हणून.

सुरुवात कुठून करू? विमानापासून करतो, ते सोपं आहे.

मला लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरचा नाद आहे. चाकणला एका कंपनीत क्वालिटीमध्ये नोकरी – आलेले पार्ट मोजायचे, पास की रिजेक्ट ते सांगायचं – आणि रविवारी सकाळी रहाटणीतल्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत बसून विमान उडवायचं. त्याला कुणी गेम म्हटलं की मला राग येतो. भंगारातून आणलेली गाडीची सीट, पायाशी पेडल, समोर तीन स्क्रीन, आणि दोन्ही अंगांना बटणं – खऱ्या विमानात जिथे असतात तिथेच. न बघता बोट बटणावर गेलं पाहिजे, हा माझा हट्ट. मधुरा म्हणते, पाहुणा आला तर त्याला आता सीटबेल्ट बांधूनच झोपवावं लागेल.

सगळं जमलं, स्टिक जमेना. विमान ज्या दांड्याने वळवतात ती. विकतच्या स्टिक खुळखुळ्यासारख्या हलक्या. मला हवी होती मध्यावर मऊ, आणि लांब नेऊ तशी जड होत जाणारी. ती यूनुसभाईंनी करून दिली.

यूनुसभाईंचं थेरगावात, डांगे चौकाच्या अलीकडे, लेथचं छोटं वर्कशॉप होतं. घराणं मूळ थेरगावचंच. आमच्या कंपनीची किरकोळ कामं करायचे, तशी ओळख. वय अठ्ठावन्न. पार्टवरून अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "साहेब, केसभर जास्त हाय." मी गेज लावायचो. केसभर जास्तच निघायचं. असा हात मी बावीस वर्षांच्या नोकरीत दुसरा पाहिला नाही.

चार रविवार ते माझ्या खोलीत येऊन बसले. स्प्रिंग बदल, बेअरिंग बदल, पुन्हा थेरगावला जाऊन घासून आण. शेवटी समाधानाने म्हणाले, "आता धरा. थोरल्या माणसाचा हात धरल्यागत वाटलं पायजे." आणि खरंच तसं वाटलं.

मग साहजिकच त्यांनीही ती धरून पाहिली. प्रोफाइल म्हणजे ज्याच्या त्याच्या हाताप्रमाणे ठेवलेली सेटिंग. त्यांच्या नावाचं वेगळं प्रोफाइल मीच हौसेने करून दिलं. स्क्रीनवर मराठीत लिहिलेलं आपलं नाव बघून ते लहान मुलासारखे खूश झाले होते. त्यानंतर दर रविवारी येऊ लागले.

आता एक गोष्ट समजून घ्या. लढाऊ विमान उडता उडता हवेतच दुसऱ्या विमानाकडून इंधन घेतं. टँकरच्या मागून एक नळी लोंबत असते, तिच्या टोकाला टोपली, आणि आपल्या विमानाची सोंड त्या टोपलीत घालायची. हात जरा हलला की चुकलं. मी आठ महिने प्रयत्न करत होतो. यूनुसभाईंनी उडवायला लागल्यापासून तिसऱ्याच रविवारी केलं.

बटणांवरची इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती. बटणं मीच दाबत होतो. आणि त्या दिवशी बघायला आलेला माझ्या ऑफिसातला निंबाळकर मागे उभा राहून टाळ्या वाजवत म्हणाला, "भावा, तू आपली बटणं बघ. विमान चाचांना उडवू दे."

सगळे हसले. मीही हसलो – सगळ्यात मोठ्याने मीच.

इथवर काही वाईट नाही ना? माणसाच्या पोटात दुखतं, चालतं. हाफ चहा पितो आणि विसरतो. मी विसरलो नाही. त्या आठवड्यात चाकणला जाता-येता एकच चाललं होतं डोक्यात – खोली माझी, कॉकपिट माझं, आणि आठ महिने... जाऊ दे. कारण देत बसलो तर ते कारणच होईल.

शनिवारी मी त्यांचं प्रोफाइल उघडलं. डेड झोन नावाची एक सेटिंग असते. स्टिक मध्यावर थोडी हलली तर तिकडे विमानाने कानाडोळा करायचा, इतकंच तिचं काम. ती शून्यावर होती. मी बारा केली, म्हणजे हाताची बारीक हालचाल विमानाला कळायचीच नाही. आणि विमान थोडं उशिरा वळेल असंही करून ठेवलं. माझ्या प्रोफाइलला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी यूनुसभाईंना टोपली सापडेना. एकदा, दोनदा, सात-आठदा. निंबाळकरही होता. शेवटी ते उठले आणि मी बसलो – माझं प्रोफाइल लावून – आणि त्यांच्या देखत पहिल्यांदाच माझं जमलं. त्यांनी माझी पाठ थोपटली. मनापासून. मला ती थाप अजून पाठीवर जाणवते.

मी तेव्हाच आकडा परत शून्य करणार होतो. एक रविवार गंमत, बस्स. खरंच करणार होतो का? माहीत नाही. केला नाही, एवढं माहीत आहे.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, तुमच्या कॉम्प्युटरमध्येच गोम आहे. यूनुसभाई कारागीर. त्यांनी आधी स्वतःच्या कामावर संशय घेतला. म्हणाले, "मध्यावर ढिली वाटतीय. माझंच काम कुठंतरी कच्चं ऱ्हायलं." स्टिक काढून थेरगावला नेली. आख्खी खोलली. मोजायला डायल गेज पाहिजे म्हणाले, तो मीच दिला. आणि वर्कशॉपमध्ये त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून बघत राहिलो – ते बेअरिंग फिरवतायत, गेजच्या काट्याकडे बघतायत, पुसतायत, पुन्हा मोजतायत. काटा हलत नव्हता. दोष कुठे आहे हे सांगायचाच मला पगार मिळतो.

"साहेब, काय बी दोष न्हाई हिच्यात," ते शेवटी म्हणाले. "लोखंड खोटं बोलत न्हाई. आन् तुमच्या हातात तर ब्येस चालतीय. म्हंजी माझ्याच हातात आलं."

मग त्यांनी वडिलांचं सांगितलं. तेही लेथवरच होते. साठीत हात मंद झाला, त्यांनी मानलं नाही, आणि एके दिवशी मशीनवर दोन बोटं गेली. "अब्बांना कुनी सांगनारं नव्हतं," यूनुसभाई म्हणाले.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. माझं प्रोफाइल लावून त्यांना एकदा बसवलं असतं तरी पुरे होतं, एका मिनिटात कळलं असतं. मी काय म्हणालो, सांगू? म्हणालो, "वय होतंच की हो यूनुसभाई." या तोंडाने म्हणालो.

त्यानंतर ते भिऊन काम करू लागले. ज्या पार्टवरून नुसता अंगठा फिरवायचे तो तीनतीनदा मोजू लागले. मोठा मुलगा इरफान त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, काही नाही. यूनुसभाईंना ते पटलं नाही – "त्याला काय कळतंय, त्यानं कुठं स्टिक धरलीय?" चार महिन्यांत त्यांनी लेथ विकायला काढला. चऱ्होलीच्या एकाने नेला.

नेला त्या दिवशी मी तिथे होतो. चेनपुलीने उचलताना एक बाजू धरायला माणूस कमी पडत होता, ती मी धरली. टेम्पो गेल्यावर जमिनीवर लेथच्या आकाराचा तेलाचा काळा डाग राहिला होता. यूनुसभाई त्याच्याकडे बघत म्हणाले, "साहेब, तुमच्या त्या इमानामुळं येळेवर कळलं. न्हाईतर अब्बांसारखंच झालं आसतं. अल्ला तुमचं भलं करो."

ते माझे आभार मानत होते. मी मान हलवली आणि ते स्वीकारले.

याला तीन वर्षं झाली. ते आता इरफानच्या हेल्मेट आणि सीटकव्हरच्या दुकानात गल्ल्यामागे बसतात. दिवाळीआधी मी हेल्मेट घ्यायला गेलो होतो – खरं म्हणजे बघायला गेलो होतो. एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याचा स्क्रू पडला. तिळाएवढा. यूनुसभाईंनी तो दोन बोटांत धरला आणि पहिल्या फटक्यात भोकात बसवला. हात जरासुद्धा हलला नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. मी हेल्मेट न घेताच बाहेर आलो.

परवाचा फोन त्यांचाच. "साहेब, स्टिक कशी चालतीय? बेअरिंगला ग्रीस लावत जावा, न्हाईतर गंजतंय." मी म्हटलं, मस्त चालतेय.

"माझं ते नाव काडून टाकलं आसंल न्हवं?"

"नाही, आहे अजून."

"व्हय?" म्हणाले, आणि किती खूश झाले ते आवाजात कळलं. "ऱ्हाऊ द्या मग."

फोन ठेवून मी त्यांचं प्रोफाइल उघडलं. आकडा अजून बाराच आहे. तो मी शून्य केला नाही. केला असता तर मलाच जरा बरं वाटलं असतं, दुसरं काय?

यूनुसभाईंच्या हातात काहीही दोष नव्हता. तेलाच्या त्या डागापाशी उभा होतो तेव्हाही मला हे माहीत होतं.