जीजींचं प्रस्थान

जीजी, म्हणजे माझ्या सासूबाई, पंचांग बघितल्याशिवाय कुणाला महूलासुद्धा जाऊ देत नसत. महू म्हणजे इंदूरच्या छत्रीबागेतल्या आमच्या घरापासून बसनं तासाभराचा रस्ता. पण दिवस वाईट तर वाईट. "बसवाल्याचं काय, तो रोजच जातो. तुला परत यायचंय ना?" असं त्या विचारत.

तिकीट आणि मुहूर्त जुळले नाहीत, की जीजी प्रस्थान ठेवत. चांगला दिवस बघून सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ आणि जाणाऱ्याच्या अंगावरची एखादी वस्तू फडक्यात बांधायची, आणि ज्या दिशेला जायचं त्या बाजूच्या शेजाऱ्याकडे ठेवायची. झालं, माणूस निघाला! मग तो अंगानं अमावास्येला का निघेना. जाताना पोटली तेवढी उचलायची. आमचे हे एकदा नोकरीवर रुजू व्हायला जबलपूरला गेले आणि पोटली उचलायला विसरले. थोड्याच महिन्यांत बदली होऊन परत इंदूर! जीजी भाजीची गिलकी, म्हणजे घोसाळी, चिरता चिरता म्हणाल्या, "पोटली शेजारीच पडली होती. तो गेलाच नव्हता, तर आला कसला?"

मी कॉलेजात हिंदी शिकवायची, त्यामुळे स्वतःला फार पुढारलेली समजायची. जीजींच्या पोटल्यांना हसायची. माझं स्वतःचं खूळ मात्र प्राग. कॉलेजात शिकत असताना दातांच्या डॉक्टरकडे भिंतीवर कॅलेंडर होतं. त्यावर जुना पूल, धुकं आणि पिवळे दिवे. त्या दिवशी अक्कलदाढ निघाली, ती बहुधा अकलेसकट. पुढे कित्येक वर्षं मी सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत तळलेला गराडू कंद खातानासुद्धा मनानं त्या पुलावर उभी असायची. मिरची लागून डोळ्यांत पाणी आलं तरी मला वाटायचं, विरह आहे.

साठी जवळ आली तेव्हा खरंच बोलावणं आलं. प्रागच्या विद्यापीठात एक सत्र हिंदी शिकवायचं. घरात सगळ्यांनी आधी जीजींकडे पाहिलं. ऐंशी कधीच ओलांडलेली, छातीत अधूनमधून कळ.

"माझ्याकडे काय टकमक बघताय? मी काय उतू चाललेलं दूध आहे?" जीजी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "तू जा गं. मी थांबते. जूनपर्यंत पक्कं थांबते. पुढचं विचारू नकोस."

विमान नेमकं अमावास्येचं. माझा रुमाल बांधून प्रस्थान पश्चिमेच्या घरी गेलं. जायच्या दिवशी मी ते खिदळत उचललं. प्रागसाठी मुद्दाम घेतलेली लाल टोपी डोक्यावर होती. जीजींनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "छान दिसतेस. बँडवाले लगेच ठेवून घेतील."

प्रागला पूल होता. धुकंही होतं. मी पुलावर उभी राहिले, आणि काही झालं नाही. पाय गारठले, एवढंच. वर्गातली पोरं उत्साहानं विचारायची, "मॅडम, हमारा शहर कैसा लगा?" मी "बहुत सुंदर" म्हणायची, लोकांकडचे बेचव पोहे खाऊन म्हणतात तसं.

रविवारी व्हिडिओ कॉल असे. जीजी फोन असा धरायच्या, की मला फक्त कपाळ दिसायचं.

"पूल बघितलास?"

"बघितला."

"मग?"

"गर्दी असते हो फार."

"तू सांगायचीस त्या फोटूत तर एकदम सुनसान होता," कपाळ म्हणालं. "चल, कोई बात नहीं. बघून तर झाला."

मे महिन्यात त्यांची कळ वाढली. मी परत यायचं म्हटलं, तर फोनवरच कडाडल्या, "पोरांची परीक्षा घेऊन ये. अर्धा वर्ग सोडून आलीस तर दार उघडणार नाही." मग आवाज खाली आणून, एखादं गुपित सांगावं तसं म्हणाल्या, "काल मुहूर्त फार छान होता. वाया कशाला घालवायचा? मी पण प्रस्थान ठेवलंय. गुड्डीकडे."

"तुम्ही कुठे निघालात?" मी हसत विचारलं. विचारता विचारता आठवलं, शेजारच्या गुड्डीचं घर आमच्या दक्षिणेला.

"निघाले असं समज. पण पोटली तू आल्यावर उचलणार," जीजी म्हणाल्या. कपाळावरचं कुंकू जरा हललं.

उत्तरपत्रिका तपासत होते तेव्हा यांचा फोन आला. जीजी पहाटे झोपेतच गेल्या. मी "बरं" म्हणाले. उरलेल्या उत्तरपत्रिका तपासल्या. एका पोरानं 'पुल' या विषयावर निबंध लिहिला होता, त्याला चांगले गुण दिले. संध्याकाळी दुकानातून पुलाचं चित्र असलेलं, फ्रिजला चिकटवायचं चुंबक घेतलं. रडू येईल म्हणून वाट पाहिली. आलं नाही. तिकीट जूनचंच होतं, जूनमध्येच आले. सवयीनं दारातून "आले हो" म्हणाले. आतून कुणी टोपीची चेष्टा केली नाही.

दुसऱ्या दिवशी गुड्डी पोटली घेऊन आली. "भाभी, उस दिन हड़बड़ी में किसी को याद ही नहीं रहा. अब इसका क्या करूँ?"

हे म्हणाले, ओंकारेश्वरला नर्मदेत सोडू. नणंद म्हणाली, लगेच सोडा, घरात ठेवू नये. मी पोटली हातात घेतली. फडक्यातून सुपारी लागली, हळकुंड लागलं, आणि जीजींच्या अंबाड्याचा काटा. मी ती परत गुड्डीच्या हातात दिली.

"तेरे यहीं रहने दे."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुढारलेली प्राध्यापिका म्हणे!

त्याला आता बरीच वर्षं झाली. चुंबक फ्रिजवर आहे, पुलाचा रंग उडालाय. दर दिवाळीला गुड्डी फराळाचं ताट घेऊन येते, तेव्हा मी तिला विचारते, "पोटली है ना?"

"है भाभी, वहीं की वहीं रखी है."

मी बरं म्हणते आणि चहाचं आधण ठेवते.